पॉइंट टू टूच्या गोळ्या: डब्यावरच्या नावाआधी लॉट नंबर बघा

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) मारते. रायफल पॉइंट टू टू (.२२) बोअरची, अनशुट्झ कंपनीची, क्लबमधून घेतलेली, जुनी पण चांगल्या अवस्थेतली. स्वस्त गोळ्या सोडून महागातल्या घेतल्या, स्कोअर जेमतेम दोन गुणांनी वाढला आणि अधूनमधून एखादा आठ जातोच. नेमकी कोणत्या कंपनीची गोळी घ्यावी? दुसरं, मावळात तिच्या मामांकडे त्यांच्या परवान्यावरची शिकारीच्या काळातली हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसं पडून आहेत. ती सरावात संपवली तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. कारणं पुढे सविस्तर देतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका नावात देता येत नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस, सेंटर एक्स, आरडब्ल्यूएस आर ५० या सगळ्या उत्तम गोळ्या आहेत. पण तुमच्या रायफलला यातली कोणती मानवते हे कंपनीवरून ठरत नाही. ते त्या कंपनीच्या कोणत्या लॉटवर (एका वेळी बनलेल्या मालावर) आणि तुमच्या बॅरलवर, म्हणजे नळीवर, ठरतं. एकाच नावाच्या दोन लॉटमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो.

आधी तो आठ कुठून येतो ते बघू. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिमीने मोठं. गोळी ५.६ मिमीची धरतात आणि रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असेल तर दहा, १६ मिमीच्या आत असेल तर नऊ, त्यापलीकडे २४ मिमीपर्यंत आठ. दशांशात मोजलं तर दर ०.८ मिमीला एक दशांश जातो. आता समजा एखाद्या लॉटचा चाळीस गोळ्यांचा पसारा मध्य ते मध्य (सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर) २० मिमी आहे. म्हणजे नेम अगदी अचूक असला तरी वाईटातली वाईट गोळी केंद्रापासून १० मिमीच्या आसपास जाईल आणि ९.७-९.८ देईल. एकट्या गोळीने आठ होत नाही. पण पोझिशन ६ मिमीने हललेली, त्यात न ओळखलेला वारा, त्यावर ती वाईटातली गोळी, तिन्ही एकाच बाजूला पडले की आठ होतो. गोळी चांगली घेण्याचा खरा फायदा हाच: बाकीच्या चुकांना जागा उरते.

हे किती बारीक आहे याचा अंदाज हवा असेल तर पॅरिस २०२४ बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, जो वर्षानुवर्षं बालेवाडीत सराव करत आला, त्याने ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं. तिसऱ्या क्रमांकाचा निकाल ४४ गोळ्यांनंतर लागतो, म्हणजे सरासरी १०.२६ पडते. केंद्रापासून सुमारे ६ मिमी, तेही नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन आणि स्टँडिंग (उभं राहून) धरून. इथे गोळीनेच स्वतःच्या मर्जीने ८-१० मिमी खाल्ले तर नेमबाजाला काय उरलं?

लॉट म्हणजे एका सलग उत्पादनातून निघालेला माल. त्याच पुंगळ्या, तीच दारू, रिममध्ये भरलेलं तेच प्रायमर मिश्रण, तेच शिसं, तेच मेण. पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस आहे. प्रायमर वेगळं बसवलेलं नसतं. ते ओल्या अवस्थेत पुंगळीच्या कडेत फिरवून पसरवतात आणि मग वाळवतात. कडेत ते सगळीकडे सारखं पसरलं की नाही, यावर प्रत्येक गोळीचा पेट सारखा होतो की नाही ते ठरतं. म्हणूनच रिमफायरमध्ये लॉटचा फरक इतका जाणवतो. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो आणि एलीच्या डब्यांवर त्याच्यासोबत वेगही असतो, फूट प्रति सेकंदात, १०५५, १०६५ असा. अमुक आकड्याचा लॉट चांगला, अशी चर्चा प्रत्येक रेंजवर चालते. तो आकडा त्या लॉटचा सरासरी वेग आहे, दर्जाचा गुण नाही. महत्त्वाचं आहे ते गोळीगणिक वेग किती बदलतो.

याचा हिशेब सोपा आहे. मॅच (स्पर्धेची) गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने निघते, ५० मीटरला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सुमारे १२५ मिमी खाली येते. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तर गोळी टार्गेटवर ७ ते ८ मिमी वर किंवा खाली लागते, म्हणजे जवळपास एक गुण. म्हणून ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) उभा लांबट येत असेल तर आधी गोळीवर संशय घ्या. आडवा पसरत असेल तर वारा किंवा स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू. ताशी १० मैलांच्या, म्हणजे साडेचार मीटर प्रति सेकंदाच्या आडव्या वाऱ्याने ही गोळी ५० मीटरला २८ मिमीच्या आसपास सरकते. दर १ मीटर प्रति सेकंदाला ढोबळमानाने ६ मिमी धरा. झेंडा नुसता हलतोय असं वाटतं तेव्हाच दहा गेलेला असतो.

आता चाचणी. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो. नेहमी दिसणारं चित्र असं: चार कंपन्यांचा एकेक डबा आणला, प्रत्येकाच्या पाच गोळ्या मारल्या, सगळ्यात लहान ग्रुप दिला त्याची पेटी घेतली. हे लॉटरीचं तिकीट काढण्यासारखं आहे. ज्या लॉटचा पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप १२ मिमी आहे, त्याचेच वेगवेगळे ग्रुप ९ पासून १५ मिमीपर्यंत सहज येतात, कशातही काही बदल न करता. तुम्ही निवडलेला ९ मिमीचा ग्रुप त्या दिवशीचा योगायोग असू शकतो. दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा साधारण सव्वापट मोठा दिसतो, म्हणून तो दाखवायला कुणाला आवडत नाही. खरं मात्र तोच जास्त सांगतो.

डब्यात पन्नास गोळ्या असतात आणि चाचणीचं गणित त्यात नेमकं बसतं. नळी साफ करून घ्या. पहिल्या दहा गोळ्या मोजायच्या नाहीत, त्या नळी बसण्यासाठी. प्रत्येक कंपनीचं मेण किंवा ग्रीस वेगळं असतं, आधीच्या लॉटचा थर निघून नव्याचा बसेपर्यंत ग्रुप सैरभैर येतात. मग दहा-दहाचे चार ग्रुप. चारही मोजून सरासरी काढा. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर घेऊन त्यातून ५.६ मिमी वजा केले की मध्य ते मध्य आकडा मिळतो. कागदावर शिशाच्या गोळीचं भोक थोडं लहान दिसतं, त्यामुळे सगळ्या लॉटना एकच पद्धत लावा म्हणजे तुलना बिघडणार नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर आणखी चांगलं, प्रत्येक गोळीची जागा आयती मिळते. फक्त तिथे एकूण दशांश गुणांची तुलना करू नका. ग्रुप केंद्रावर बसलेला नसेल तर उत्तम लॉटही कमी गुण दाखवतो.

एवढं करूनही एका लॉटचा आकडा १४ आणि दुसऱ्याचा १५ आला तर तो फरक मानू नका. चार ग्रुपांच्या सरासरीतही दहा टक्क्यांच्या आसपास हलकंफुलकं इकडेतिकडे होतंच. १४ आणि १९ हा फरक खरा. म्हणून पहिल्या फेरीचं काम निवडणं हे नसून गाळणं आहे. सहा लॉट घेतले, तीनशे गोळ्या लागल्या, त्यातले तीन-चार सरळ बाद झाले. उरलेल्यांतल्या चांगल्या दोघांचे आणखी दोन-दोन डबे घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. दुसऱ्या फेरीत एक लॉट संपवून दुसरा घेऊ नका. पहिला, दुसरा, मग परत दुसरा, पहिला असा क्रम ठेवा, म्हणजे सकाळचा शांत वारा एकाच लॉटच्या वाट्याला येत नाही. मधे लॉट बदलताना दहा गोळ्या सोडायला विसरू नका.

रायफल कशात धरायची? कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत, लापुआचं जर्मनीत शोनेबेकला आहे, बॅरल आणि अ‍ॅक्शन (मागची, गोळी भरून उडवणारी यंत्रणा) शिकंजात पकडून मारतात. इथे तशी सोय मिळाली तर घ्याच. नसेल तर बेंचवर, पुढे पक्का रेस्ट, मागे वाळूची पिशवी आणि २४ पटीच्या वरची टेलिस्कोप. आयर्न साइट (भिंगाविना नेम) आणि स्लिंगवर (हाताला अडकवलेल्या पट्ट्यावर) प्रोनमध्ये चाचणी करू नका, त्यात गोळीपेक्षा मारणाऱ्याचं मोजमाप होतं. मुलीने स्वतः मारलंच पाहिजे असं नाही. उलट बेंचवर सवय असलेल्या प्रशिक्षकाने मारलं तर बरं. एक शिस्त मात्र कडक ठेवा: गोळी हातून गेली असं वाटलं तर टार्गेट बघण्याच्या आधी बोला. बघून झाल्यावर "ही माझी चूक" म्हणत एखादी गोळी वगळली की चाचणी संपली.

किती आला म्हणजे चांगला? बेंचवरून दहा गोळ्यांची सरासरी मध्य ते मध्य १३-१४ मिमी असेल तर तो लॉट स्पर्धेसाठी उचला. १५ ते १७ सरावाला उत्तम. २० च्या वर असेल तर तो कितीही महाग असला तरी तुमच्या रायफलचा नाही, त्याच्याशी भांडू नका. आणि सगळेच लॉट २० च्या वर येत असतील तर गोळी बदलणं थांबवा, दोष रायफलमध्ये आहे. अ‍ॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला कसलेले आहेत का, साइटचे बेस हलतात का, मझल क्राउनला (नळीच्या तोंडाच्या कडेला) ठोका बसलाय का, हे तपासा. जुन्या क्लब रायफलमध्ये सर्वांत जास्त वेळा सापडतो तो चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी, रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथे जमलेला कडक काळा थर. नुसत्या पॅचने तो निघत नाही. सॉल्व्हंट लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) घालून ब्राँझ ब्रश चेंबरकडून मझलकडे न्या, बाहेर आल्यावर काढून घ्या, उलट ओढू नका. मग फेल्ट पेलेट (नमद्याचे बोळे) स्वच्छ येईपर्यंत. फेल्टने नळी रोज, ब्रशने महिन्यातून एक-दोनदा, एवढं तरुण नेमबाजाला पुरतं. साफ केल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या स्पर्धेत मोजल्या जाणार नाहीत याची व्यवस्था ठेवा, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या दिवशी खोलवर सफाई नको.

रिमची जाडी मोजून गोळ्या वेगळ्या करण्याचा उद्योग काही जण करतात. स्वस्त गोळ्यांमध्ये त्याने थोडा फरक पडतो. चांगल्या मॅच लॉटमध्ये तो वेळ मुलीच्या ड्राय ट्रेनिंगला (गोळीविना सरावाला) द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या हवेबद्दल दोन गोष्टी. जानेवारीच्या सकाळी पारा १०-१२ अंशांवर असतो, मे महिन्याच्या दुपारी ३८-४० वर. दारूचा वेग तापमानाबरोबर थोडा वाढतो, त्यामुळे झिरो (साइटची जुळवणी) एक-दोन क्लिक सरकला तर घाबरू नका, सायटिंगमध्ये (सुरुवातीच्या, न मोजल्या जाणाऱ्या गोळ्यांत) जुळवून घ्या. पण डबा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा फायरिंग पॉइंटवर उन्हाच्या तिरपेत ठेवला की त्याच डब्यातल्या वरच्या गोळ्या गरम आणि खालच्या थंड, आणि वरचं मेण वितळून एका बाजूला ओघळलेलं. मग उभा पसारा येतो आणि दोष लॉटला जातो. डबा सावलीत, झाकण लावून. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. फ्रिजमध्ये कधीच नाही, बाहेर काढताच त्यावर पाणी धरतं. शिशावर पांढरी भुकटी किंवा पुंगळीवर हिरवट डाग दिसला तर ती गोळी स्पर्धेत नको. जमिनीवर पडलेली, माती लागलेली गोळी पुसून चेंबरमध्ये घालू नका, मेणात रुतलेला खडा नळीत जातो. आणि गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, म्हणजे जेवणाच्या डब्याला. शिसं पोटात जातं ते असंच.

गोळी न उडाली तर: नळी टार्गेटकडेच, किमान ३० सेकंद थांबा, रेंज ऑफिसरला हात करा, मग बोल्ट उघडा. पेट उशिरा घेणारी गोळी उघड्या बोल्टमध्ये फुटली तर डोळ्यांना धोका. काढलेल्या पुंगळीच्या कडेवरची खूण बघा. ठसा खोल आणि स्वच्छ असेल तर प्रायमर कमी पडलेलं, लॉटकडे लक्ष ठेवा. ठसा उथळ असेल तर फायरिंग पिन, तिचं स्प्रिंग किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेलं जुनं ग्रीस. आवाज नेहमीपेक्षा दबका, नुसता फुस असा आला आणि टार्गेटवर भोक नाही, तर पुढची गोळी घालायचीच नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते. रॉड घालून खात्री करा. मॅच चेंबर घट्ट असतो, गोळी बसतानाच रायफलिंगमध्ये किंचित रुतते. न मारलेलं काडतूस बाहेर काढताना शिसं आत राहून दारू अ‍ॅक्शनमध्ये सांडू शकते, हेही लक्षात असू द्या.

आता मामांची काडतुसं. पहिली गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ खाली काडतुसं ज्याच्या परवान्यावर आहेत त्याचीच. घरातली आहेत म्हणून भाचीच्या बॅगेत घालून हिंजवडी ओलांडून बालेवाडीला नेता येत नाहीत. त्यांना ती नको असतील तर त्यांनी परवाना देणाऱ्या कार्यालयाला किंवा पोलीस ठाण्याला विचारून रीतसर जमा करावीत. शिकारीचा विषय तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने बंद केलेला आहे. कलम ९ शिकारीला मनाई करतं. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दलही परवानगी कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो, शेतमालक स्वतः घेत नाही. आणि रानडुकरासमोर पॉइंट टू टू ही क्रूर गोष्ट आहे. जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात जातं.

दुसरी गोष्ट तांत्रिक. शिकारीची हाय व्हेलॉसिटी गोळी हलकी, बहुधा टोकाला पोकळ आणि तांब्याचा मुलामा दिलेली असते, वेग ३८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. ती जवळच्या लहान जनावरावर पसरावी म्हणून बनवलेली असते, एकाच भोकात जाण्यासाठी नाही. हवेतला आवाजाचा वेग पुण्याच्या थंडीत ३३८ च्या आसपास आणि कडक उन्हात ३५५. मॅच गोळी मुद्दामच याच्या खाली ठेवतात. हाय व्हेलॉसिटी गोळी वरून सुरू होते आणि वाटेत आवाजाच्या वेगाजवळून खाली उतरते, तिथे तिला हादरे बसतात आणि रोध एकदम वाढलेला असतो. त्यामुळेच वेगवान असूनही ती वाऱ्यात मॅच गोळीपेक्षा जास्त सरकते. "वेगवान गोळी वाऱ्याला कमी दाद देते" हे इथे उलटं पडतं. त्यात ती वर्षानुवर्षं पडून असल्यामुळे मेण वाळलेलं, पेट बेभरवशाचा. अनेक मॅच रायफलींच्या मॅन्युअलमध्ये हाय व्हेलॉसिटीला मनाईच आहे.

शेतात डबे मांडून संपवू, असंही कुणी सुचवेल. पॉइंट टू टूची गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते आणि मावळ-मुळशीच्या काळ्या कातळावर आपटून कुठे वळेल ते सांगता येत नाही. रेंजच्या बाहेर एकही गोळी नको.

खरेदीचं शेवटचं. प्रोनचा सामना ६० गोळ्यांचा, सायटिंग धरून ऐंशीच्या घरात जातात. वर्षात दहा स्पर्धा धरल्या तर ८०० गोळ्या, अधिक स्पर्धेआधीच्या आठवड्यांचा सराव, म्हणजे चांगल्या लॉटच्या दोन हजार गोळ्या पुरतात. निवडलेला लॉट सापडला की परवान्यावरची मर्यादा बघून तेवढा एकदम उचला, सहा महिन्यांनी तोच नंबर मिळणार नाही. रोजच्या सरावाला एसके स्टँडर्ड प्लस किंवा एसके रायफल मॅचसारखी मधली गोळी घ्या, तिचाही लॉट पन्नास गोळ्यांच्या त्याच पद्धतीने गाळून. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी चांगल्या लॉटवर या, म्हणजे नळीही बसते आणि झिरोही. एका वहीत लॉट नंबर, तारीख, तापमान, वेळ, चारही ग्रुपचे आकडे आणि रायफलच्या एकूण गोळ्या लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच लॉट १४ वरून १८ वर गेलेला दिसला, तर आधी चेंबर साफ करून पुन्हा मारा, मगच दुकानात फोन करा.